पॉलिशवाल्या मामांना, उघडं पत्र

मामा, सा. न. वि. वि.

कपाट बघायला आलेला प्रत्येक जण दारावरून हात फिरवतो आणि कुठल्या कारखान्यातून आणलं म्हणून विचारतो. सुतारकाम माझं, हे मी ठसक्यात सांगते. पॉलिशमागे मात्र तुमची शिकवण आहे, आणि ती एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच चारचौघांत लिहून टाकावी म्हणून हे पत्र.

दुकानदाराने एनसी लॅकर (थिनरमध्ये पातळ करून मारायचं, झटपट वाळणारं पॉलिश), थिनर आणि पॉलिश फवारायची 1.4 मिमी नोझलची गन असं सगळं एकदम माझ्या गळ्यात मारलं होतं. तुम्ही शेडमध्ये आलात आणि त्या सामानाकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत. गॅसचा गीझर कुठे आहे, इन्व्हर्टर कुठे आहे, एवढंच विचारलंत. दोन्ही भिंतीपलीकडेच. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरकत जाते, आणि गीझरच्या ज्योतीपर्यंत पोचायला तिला दाराखालची फटसुद्धा पुरते, हे तेव्हा कळलं. "ताई, लॅकर उघड्या आवारात मारायचं. इथं पाण्याचं पीयू मारा. आणि गन नंतर, आधी वारं बघू." पाण्याचं पीयू म्हणजे थिनरऐवजी पाण्याने पातळ होणारं पॉलियुरेथेनचं पॉलिश.

मग सगळे डबे लांब अंगणात ठेवायला लावून तुम्ही उदबत्ती पेटवलीत. भिंतीतला एक्झॉस्ट पंखा चालू होता, तरी शेडच्या मधोमध धूर जागच्या जागी गिरक्या घेत होता. उदबत्ती भिंतीकडे सरकवत नेलीत तेव्हा उलगडा झाला. पंख्याशेजारची खिडकी उघडी होती, पंखा तिथलीच हवा ओढून तिथेच बाहेर टाकत होता. खिडकी बंद करून समोरचं दार उघडल्यावर धुराची रेघ सरळ पंख्याकडे निघाली. इतका वेळ मी मोठा पंखा घ्यायच्या विचारात होते! पैसे वाचले ते वेगळेच.

बाकीची मांडणी त्या रेघेवरूनच ठरली. पीव्हीसी पाइपचा सांगाडा, त्याला वरून आणि दोन्ही बाजूंनी जाड प्लॅस्टिक. पातळ कागद नको म्हणालात, कारण पंखा सुरू झाला की तो आत ओढला जातो आणि ओल्या पॉलिशला चिकटतो. पंख्यापुढे पॉलिस्टरचा जाड फिल्टर, म्हणजे उडालेलं पॉलिश पात्यांवर बसत नाही. हवा आत येते त्या दारालाही फिल्टर, आणि ते तोंड पंख्याच्या तोंडापेक्षा बरंच मोठं. ते लहान ठेवलं तर पंखा फटीफटीतून हवा ओढतो आणि सोबत पत्र्यावरचा भुसाही आणतो. कपाटाचं दार फिरत्या पाटावर ठेवायचं, आपण ताज्या हवेच्या बाजूला उभं राहायचं आणि पाट फिरवत फवारा कायम पंख्याकडेच मारायचा. आदल्या दिवसापासून करवत बंद, आणि फवारणीआधी अंगणात सडा घालतात तसं जमिनीवर पाणी. काम झालं की पाइप सुटे करून माळ्यावर. त्याच जागेत मला पुन्हा रंधा चालवायचा असतो.

पंख्याची मोटर हवेच्या वाटेतच आहे आणि तिच्या ठिणगीने थिनरची वाफ पेटू शकते, म्हणून त्याच्या चौकटीवर तुम्ही खडूने "थिनर बंद" असं लिहिलंत. ते पुसलं जाऊ नये म्हणून मी आता ऑइलपेंटने गिरवून घेतलंय.

मास्कच्या बाबतीत तुम्ही फारच कडक. धुळीचा मास्क धूळ अडवतो, वाफ नाही, त्यासाठी कोळशाचं कार्ट्रिज लागतं. दोन डब्यांचं पीयू तर घरी आणूच नका म्हणालात. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा लागू शकतो आणि वासावरून ते कळतही नाही. "आमच्या वेळी रुमाल बांधून मारायचो," असं म्हणून तुम्ही खोकलात, तेव्हा पुढचं काही विचारवलं नाही.

गन धरायला त्या मानाने पटकन शिकवलीत. वीतभर अंतर, मनगट न वळवता सगळा हात सरळ न्यायचा, ट्रिगर कडेच्या आधी दाबायचा आणि कड ओलांडल्यावर सोडायचा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. ट्यूबलाइट डोक्यावरून काढून बाजूला लावलीत, तेव्हा कुठे ओलं आहे आणि कुठे कोरडं राहिलं ते तिरक्या उजेडात लगेच दिसायला लागलं. पॉलिश मलमलच्या कापडाने गाळण्याचा तुमचा हट्ट मात्र मला पटलेला नाही. मी कागदी गाळणीच वापरते, तुम्ही रागावलात तरी.

ऐन श्रावणात काम काढलं होतं. लॅकर मारलं असतं तर थिनर भराभर उडून वरचा थर गार पडला असता, हवेतला दमटपणा त्यावर बसून दारं पांढुरकी झाली असती. पाण्याच्या पीयूने वाळायला वेळ खाल्ला, तेवढं सोसलं.

मजुरीचं नाव काढलं तर तुम्ही चपला घालून निघालात. भडंगाचा पुडा घेतलात तोही नातीच्या नावावर. म्हणून निदान हे पत्र घ्या.

दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की खुर्च्यांना हात घालणार आहे. त्यांच्या पाठीच्या गोल गजांवर ओघळ न येता फवारा कसा मारायचा, ते दाखवायला याल ना? चहा अंगणातच करू.

तुमची,
कपाटवाली ताई