बॅक दाबले की यादी पुन्हा पहिल्यापासून: मोबाइल साइटबाबत तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी

विषय: मोबाइल साइटवर वस्तूंच्या यादीतील फिल्टर व जागा टिकत नसल्याबाबत.

महोदय,

आपल्या साइटवर मोबाइलवरून प्रेशर कुकर निवडणे फार जिकिरीचे झाले आहे. माल चांगला आहे, भावही वाजवी आहेत. अडचण आहे ती यादीत. आपल्या तांत्रिक विभागाला दोष लगेच दिसावा म्हणून क्रमच देत आहे.

फोनवर क्रोममध्ये साइट उघडावी आणि ‘प्रेशर कुकर’ शोधावे. फिल्टरमध्ये ५ लिटर, स्टील आणि इंडक्शन बेस निवडून ‘लागू करा’ दाबावे. यादी सरकवत साधारण साठाव्या कुकरपर्यंत जावे, तो उघडावा, झाकण आत बसणारे आहे की बाहेरून ते पाहावे आणि फोनचे बॅक बटण दाबावे. यादी थेट पहिल्या कुकरवर येते आणि तिन्ही फिल्टर गेलेले असतात.

पहिलाच कुकर उघडून कोणी विकत घेत नाही. झाकण, तळाची जाडी, वॉरंटी, सुटे रबर मिळते की नाही हे बघायला पाच-सहा तरी उघडावे लागतात. म्हणजे पाच-सहा वेळा फिल्टर लावायचे आणि तितक्याच वेळा साठ वस्तू खाली सरकवायच्या. डेटा जातो तो वेगळाच.

कारण शोधायला फार लांब जावे लागणार नाही. फिल्टर लावल्यावर ॲड्रेस बारमधली लिंक बदलतच नाही. ती लिंक व्हॉट्सॲपवरून दुसऱ्या फोनवर पाठवून उघडली तर सगळ्याच कुकरांची यादी दिसते. निवड फक्त उघड्या पानाच्या मेमरीत राहते आणि पान सोडले की पुसली जाते. प्रत्येक फिल्टर आणि सॉर्ट लिंकमध्ये लिहिला गेला पाहिजे. यादी कुठवर लोड झाली हेही ब्राउझरच्या हिस्टरीतील त्याच नोंदीत बदलत ठेवावे, म्हणजे नवी नोंद न करता चालू नोंदच बदलणारी रिप्लेसस्टेट ही ब्राउझरची आज्ञा वापरावी. प्रत्येक खेपेला नवी नोंद केली तर यादीतून बाहेर पडायला दहा वेळा बॅक दाबावे लागेल. परतल्यावर नुसते ‘इतके पिक्सेल खाली’ एवढ्याने भागत नाही. फोटो उशिरा येतात, पानाची उंची बदलते आणि भलताच कुकर समोर येतो. उघडलेल्या वस्तूचा क्रमांक लक्षात ठेवून तीच पडद्यावर आणावी, आणि फोटोंची लांबी-रुंदी आधीच ठरवून द्यावी.

यादी संपत नाही हाही त्रासच. तळाशी पोचतो न पोचतो तोच पुढच्या वस्तू येतात आणि पानाची तळपट्टी निसटते. परतावा, संपर्क आणि आपले स्वतःचे नाव-पत्ता त्याच पट्टीत आहेत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील ग्राहकाला दिसेल असा द्यावा लागतो. यादीच्या पानावर तो असूनही हाती लागत नाही. दोन-तीन खेपा आपोआप येऊ द्याव्यात, मग ‘आणखी दाखवा’ हे बटण ठेवावे आणि त्यावर ‘१८६ पैकी ७२ पाहिले’ असा आकडा असावा.

‘किंमत: कमी ते जास्त’ निवडल्यावर सर्वांत आधी काय येते? रबर, शिट्ट्या आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. सुटे भाग कुकरच्याच वर्गात टाकल्यामुळे हे होते. त्याखाली कुकर येतात तेही चुकीच्या किमतीने. ५ लिटरचा फिल्टर लावलेला असताना यादीत दिसते १,१९९ रुपये, आत गेल्यावर ५ लिटरला २,०४९. एका कुकरची २, ३ आणि ५ लिटर ही मापे एकाच नोंदीत आहेत. फिल्टर त्यातले कुठलेही माप जुळले की नोंद दाखवतो, आणि किंमत मात्र सर्वांत लहान मापाची छापली जाते. त्यामुळे किमतीचा क्रमही खोटा ठरतो. निवडलेल्या मापाचीच किंमत दाखवावी आणि तिच्यावरच क्रम लावावा.

वस्तूचे नाव दोन ओळींत कापले जाते आणि लिटर नेमके शेवटी असल्याने तीन टिंबांत जाते. माप, धातू आणि झाकण यांची छोटी वेगळी ओळ फोटोखाली द्यावी. आयएस २३४७ (घरगुती प्रेशर कुकरचे भारतीय मानक) प्रमाणित कुकर वेगळे काढण्याची सोयही फिल्टरमध्ये हवी.

फिल्टरमधले चौकोन फार लहान आहेत आणि खेटून आहेत. ३ लिटर दाबायला जावे तर ५ वर खूण पडते. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी २.२ या २०२३ च्या मानकात दाबण्याच्या जागेचे किमान माप २४ पिक्सेल सांगितले आहे, आणि अँड्रॉइडची शिफारस ४८ डीपीची (डीपी हे पडद्याच्या घनतेनुसार जुळवून घेणारे माप), म्हणजे सुमारे ९ मिलिमीटरची आहे. चौकोन छोटा राहिला तरी चालेल, पण ‘५ लिटर’ ही अख्खी ओळ दाबता आली पाहिजे. शिवाय प्रत्येक खुणेनंतर यादी मागे नव्याने लोड होते ते थांबवावे. सगळ्या खुणा झाल्यावर एकदाच ‘४१ कुकर दाखवा’ असे बटण पुरे. शून्य येणार असेल तर तेही तिथेच कळेल.

वर उल्लेखिलेल्या नियमांनुसार या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. कृपया तक्रार क्रमांक कळवावा. बॅक बटणाची आणि मापानुसार किमतीची दुरुस्ती आधी घ्यावी. बाकीची कामे टप्प्याटप्प्याने झाली तरी चालतील. वरील क्रमाचे स्क्रीन रेकॉर्डिंग सोबत जोडले आहे.

आपला,
एक नियमित ग्राहक