जाड अक्षरातली उकडीच्या मोदकाची रेसिपी

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

गणपतीच्या पुरवणीत तुम्ही उकडीच्या मोदकाची रेसिपी छापलीत, आणि छापलीत ती मोदक नावाच्याच फॉन्टमध्ये, म्हणजे आयडिया कुणालातरी सुचली असणार आणि ऑफिसात सगळ्यांनी वा वा पण केलं असणार. मथळा खरंच झक्कास दिसत होता. पण खालची अख्खी रेसिपी, साहित्य, कृती, सगळं त्याच फॉन्टात आणि ते पण बारीक साईजमध्ये? आमच्या घरी बायको मोठ्याने वाचत होती, "पाच वाटी दूध". आई आतून ओरडली, अगं उकडीत पाच वाटी दूध कशाला, खीर करायची आहे का. मी चष्मा लावून पेपर खिडकीशी नेला तेव्हा कळलं की ते "पाव" आहे. व आणि च दोन्ही काळे ठोकळे झालेले.

मी वीस वर्षं डीटीपी आणि फ्लेक्सचं काम करतो म्हणून लिहावंसं वाटलं, फॉन्टला कुणी नावं ठेवायला नको. मोदक हा मुंबईच्या "एक टाईप" नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा, सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी केलेला, गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. देवनागरी अक्षर जाड जाड करत किती जाड करता येईल, असा तो प्रयोग आहे. ऐकायला गंमत वाटते पण करून बघा. इंग्रजीतला ओ फुगवला तर मधे एक भोक ठेवलं की झालं. आपल्याकडे वर शिरोरेषा, बाजूला दंड, गाठी, वरून मात्रा रफार, खालून उकार, आणि त्यात क्ष किंवा ज्ञ आला की जागा कुठून आणायची? या लोकांनी काय केलं, तर अक्षराच्या आतली पोकळी जवळजवळ बुजवूनच टाकली आणि तिथे नुसती बारीक पांढरी रेघ ठेवली. काळा गोळा दिसतो पण ती रेघ आहे म्हणून आपण तो ह की झ ते ओळखतो. सगळा जीव त्या रेघेत आहे.

आणि नेमकी तीच रेघ पेपरात मरते. न्यूजप्रिंटचा कागद शाई पितो, शाई थोडी पसरतेच, मोठ्या मथळ्यात ते कळत नाही पण बारीक अक्षरात एवढीशी रेघ भरून जायला कितीसा वेळ लागतो. तुमच्या आर्टिस्टने स्क्रीनवर झूम करून बघितलं असणार, तिथे छानच दिसतं.

आम्ही फ्लेक्सवाले पण काही शहाणे नाही बरं का. मंडळाची पोरं येतात, दादा अजून ठसठशीत करा म्हणतात, आणि आपण वरून स्ट्रोक (अक्षराला कडेने जाड किनार) मारतो, म्हणजे आधीच जाड असलेल्याला अजून जाड, रेघ गायब. रेडियम कटिंगला तर हा फॉन्ट मी स्वतः एकदा घेतला होता, त्या बारीक पट्ट्या काढता काढता निम्मी अक्षरं हातात आली. तेव्हापासून कानाला खडा. पण दहा फुटी फ्लेक्सवर नुसतं "मोरया" लिहा, स्ट्रोक न मारता, रस्त्याच्या पलीकडून वाचता येतं आणि बघून माणूस हसतो. त्याचं काम तेवढंच आहे, एक शब्द, फार तर दोन.

अक्षरकार कमल शेडगेंनी नाटकांची नावं हाताने लिहिली, ती पेपरातल्या जाहिरातीत नुसती बघूनसुद्धा नाटक कसं असेल ते कळायचं. पण त्यांना एका वेळी नावातली पाच-सात अक्षरं सांभाळायची होती, त्याच शब्दासाठी काढलेली. फॉन्ट करणाऱ्याला पुढचा माणूस काय टाईप करेल ते माहीतच नसतं, "ऋ" आला तरी आणि "ष्ट्र" आला तरी त्याच जाडीत बसायला पाहिजे. म्हणून मला त्या मेहनतीचं कौतुक आहे आणि म्हणूनच ती अशी वाया गेलेली बघवत नाही.

एक विषयांतर. 2022 मध्ये कायदा बदलला आणि दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको असं झालं, पुढे सुप्रीम कोर्टानेही 2023 मध्ये मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या आल्या, पण इंग्रजी नाव कंपनीच्या स्पेशल वळणात आणि मराठी म्हणजे मंगल फॉन्ट आडवा ताणलेला. मंगल अक्षरकार आर. के. जोशींनी कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर वाचायला केला होता हो, पाटीवर ताणायला नाही. आता उंची कायद्यात बसते म्हटल्यावर कोण बोलणार. खरं तर मोदकसारखे फॉन्ट इथे पाटीवर पाहिजेत, पण पाट्या करणाऱ्या अर्ध्या दुकानांत अजून डिझाइनचं जुनं कोरल सॉफ्टवेअर आहे, त्यात युनिकोड म्हणजे आपण मोबाईलवर टाईप करतो तसलं मराठी टाकलं की काना मात्रा तुटून पडतात, मग कोण झंझट करणार, ताणा मंगल.

असो. एवढीच विनंती की ती रेसिपी पुढच्या रविवारी साध्या अक्षरात परत छापा, मथळा हवा तर मोदकमध्येच राहू द्या. कात्रण आईने फ्रिजवर लावलंय आणि "पाव"च्या खाली पेनने रेघ मारून ठेवलीये.

आपला,
एक डीटीपीवाला वाचक, इचलकरंजी