बाबांच्या वाचनासाठी, भिंगाआधी दिवा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, चष्म्याचा नंबर बदलून आता फरक पडणार नाही असं डॉक्टर म्हणाले, म्हणून वाचन सोडू नका. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग, मॅक्युला, झिजलाय. कडेची नजर शाबूत आहे, आणि तिच्यावर बरंच भागतं.

भिंगाआधी दिवा बघा. छतावरचा उजेड वाचायला पुरत नाही. मान वळणारा एलईडी दिवा ज्या डोळ्याला जास्त दिसतं त्या बाजूला, डोळ्यांच्या पातळीखाली ठेवा. झोत कागदावर पडावा, डोळ्यांत नको. दिवा 60 सेंटिमीटरवरून 30 वर आणला की कागदावरचा उजेड जवळजवळ चौपट होतो. कित्येकदा एवढ्यानंच कमी ताकदीचं भिंग पुरतं.

आणि कमी ताकदीचंच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. ताकद वाढली की भिंग लहान होतं, एका वेळी दोन-चार अक्षरंच दिसतात आणि ओळ हरवते. भिंगावर डायॉप्टरचा, म्हणजे ताकदीचा, आकडा असतो. 100 ला त्यानं भागलं की कागदापासूनचं अंतर मिळतं: 20 डायॉप्टरला 5 सेंटिमीटर, 10 ला 10. भिंग कागदावर टेकवून हळूहळू वर उचला, अक्षरं धूसर व्हायच्या आत थांबा. मग डोळा भिंगाच्या जवळ न्या, जास्त शब्द मावतील. हातातल्या भिंगातून बघताना चष्म्याचा वरचा, लांबचा भाग वापरा. खालच्या भागातून बघितलं की अंतराचा हिशोब चुकतो आणि भिंगच वाईट वाटतं. हात थरथरत असेल तर पायांचं, कागदावर टेकणारं भिंग बरं; त्याला मात्र जवळचा चष्मा लागतो.

शब्दाकडे थेट न बघता किंचित वर किंवा बाजूला बघा. कुठे बघितल्यावर अक्षर उजळतं ती जागा सापडली की डोळा तिथेच ठेवून कागद सरकवा. रोज थोडा वेळ, दमायच्या आत थांबायचं.

आई, सकाळच्या औषधाच्या बाटलीला एक रबरबँड, रात्रीच्या बाटलीला दोन लाव. पायऱ्यांच्या कडेला रंगात उठून दिसणारी पट्टी चिकटव. वस्तू जागच्या हलवू नकोस, आणि बाबांना वाचता येतंय ते तू वाचून दाखवू नकोस.

बाबा, रिकाम्या खोलीत माणसं किंवा नक्षी दिसली तर ते वेड नव्हे. नजर कमी झाली की मेंदू स्वतःच चित्रं रचतो. शार्ल बॉने या स्विस निसर्गअभ्यासकांनी 1760 मध्ये आपल्या आजोबांबद्दल हेच लिहून ठेवलं होतं. डॉक्टरांना सांगा मात्र.

एक डोळा झाकून दाराची चौकट बघत जा, मग दुसरा. सरळ कड अचानक वाकडी दिसली तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता लगेच दवाखान्यात जा. पडद्याखाली नव्या रक्तवाहिन्या पाझरत असतील तर इंजेक्शनचा उपयोग लवकर दिलं तरच जास्त होतो.

तुमची लेक