बाबा, इथल्या कोळशाच्या गावाबद्दल

बाबा,
मी मजेत आहे, थंडीचं मात्र विचारू नका. तुम्ही मागे विचारलं होतं ना की फ्रान्समधे कोळसा निघतो का, तर निघायचा, आता नाही. लिलच्या दक्षिणेला लांस नावाचं शहर आहे, त्याला लागूनच लोस-आं-गोएल म्हणून छोटं गाव, तिथं जाऊन आलो. आपल्या घुग्घुसकडच्या ओबीसारखे (खाणीतून काढलेल्या दगड-मातीच्या ढिगांसारखे) दोन काळे डोंगर आहेत, जमिनीपासून जवळपास 140 मीटर, तिथली खाण 1986ला बंद झाली. पण हे डोंगर नंतरचे, पहिल्या महायुद्धाच्या वेळचे ढीग वेगळे.

झालं काय, ऑक्टोबर 1914मधे जर्मन इथं घुसले आणि त्यांचं आयतंच फावलं. सगळा सपाट मुलूख, त्यात पंधरा नंबरच्या पिटवर लोखंडाचे दोन जोडटॉवर, वर चढलं की पार लांबपर्यंतचं दिसायचं, ब्रिटिश सोल्जर त्याला टॉवर ब्रिज म्हणायचे. ढिगाऱ्यांवर मशीनगन. म्हणजे ज्या खाणीवर गाव जेवत होतं तिच्यापायीच तोफा गावावर वळल्या.

25 सप्टेंबर 1915ला ब्रिटिशांनी पहिल्यांदाच विषारी गॅस सोडला, क्लोरीन, आणि वारा धड नव्हता तरी सोडला (काय डोकं!), काही ठिकाणी तो त्यांच्याच पोरांवर उलटला. तरी स्कॉटिश पलटणींनी त्याच दिवशी गाव घेतलं, पण पलीकडची हिल 70 नावाची टेकडी काही टिकवता आली नाही, ती कॅनडावाल्यांनी ऑगस्ट 1917मधे घेतली, म्हणजे मधली दोन वर्षं गाव तोफांच्या टप्प्यातच, उभं काय राहणार. 25 सप्टेंबर 1915लाच उत्तरेला न्यव शापेलच्या बाजूला आपली मेरठ डिव्हिजनपण हल्ल्यात होती, जर्मनांचं लक्ष तिकडे ओढायला. मराठा पलटणी जास्त करून मेसोपोटेमियात होत्या, म्हणून आपल्याकडे या गावांची नावं कोणाला माहीत नाहीत. गावाबाहेरच्या स्मारकावर 20,000च्या वर नावं आहेत, ज्यांची बॉडी ओळखता आली नाही किंवा मिळालीच नाही अशा ब्रिटिश सोल्जरांची. एका भिंतीपुढेच माझा कितीतरी वेळ गेला.

आईला एमिलिएन मोरोचं सांगा. खाणकामगाराची पोरगी, तेव्हा 17 वर्षांची, घरात जखमी स्कॉटिश सोल्जरांची मलमपट्टी केली आणि वेळ आली तेव्हा जर्मनांवर हत्यारपण चालवलं, ब्रिटिशांनी मिलिटरी मेडल दिलं. दुसऱ्या महायुद्धात परत रेझिस्टन्समधे, म्हणजे जर्मनांविरुद्धच्या छुप्या लढ्यात! त्या लढ्याचा फ्रेंच नेता जनरल द गोल, त्यानं मान दिलेल्यांच्या सगळ्यात मानाच्या यादीत फक्त सहा बायका आहेत, त्यात ती एक.

तुमच्या कामाची गोष्ट शेवटी ठेवली. जर्मनांनी लांसच्या भागातल्या शाफ्टचं (खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीचं) पाणी अडवणारं अस्तर सुरुंगानं उडवलं, वरच्या थरातलं पाणी आत घुसलं आणि खाणी तुडुंब भरल्या. लढाई संपल्यावर घरं बांधायची सोडून आधी पाणी उपसायचं की दोन्ही सोबत, असा प्रश्न, आणि उपसायलाच कित्येक वर्षं गेली. तुमच्या अंडरग्राउंडला पाणी शिरलं होतं तेव्हा पंप कुठून खाली न्यायचे, आणि फुटलेल्या शाफ्टमधे ते शक्य तरी आहे का? रविवारी फोन करतो, तेव्हा नीट समजावून सांगा.

तुमचा,
बंटी