विम्याच्या वहीला विद्यापीठाचा हात हवा

महोदय,

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने सुगीत वर्गणी म्हणून ज्वारी घेऊन गावांचा आरोग्य विमा चालवला. अट अशी, की किमान 75 टक्के कुटुंबे आली तरच गाव योजनेत. ही अट फार मोलाची. एरवी ज्यांच्या घरी दुखणे आहे तेवढेच वर्गणी भरतात आणि वर्ष सरण्याआधी निधी आटतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे 5 लाखांचे संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. रोजची रक्तदाबाची गोळी, बुडालेली मजुरी त्यात नाही. तिथे अशा वर्गणीतून उभा राहिलेला गावाचा निधीच कामी येतो, आणि तो चालवायला विद्यापीठाने हात द्यावा. शिवाय सरकारी योजनेत कागद अडतो. रेशनकार्डावर सुनेचे नाव चढलेले नसते, आधारवर माहेरचे आडनाव असते. हे रात्री अकराला रुग्णालयाच्या खिडकीवर कळून काय उपयोग?

राष्ट्रीय सेवा योजनेचे विशेष शिबिर 7 दिवसांचे असते. दोघा विद्यार्थ्यांच्या जोडीने रोज 15 घरे केली तर शंभरावर घरांची दोन्ही कार्डे शेजारी ठेवून तपासून होतात. न जुळणारी नावे वेगळ्या वहीत लिहून तहसीलच्या पुरवठा शाखेत न्यावीत. संख्याशास्त्र विभागाने मागच्या दाव्यांवरून वर्गणी ठरवून द्यावी, वाणिज्यच्या विद्यार्थ्यांनी हिशेब तपासावा. वर्गणी सुगीनंतरच, ज्येष्ठात पैसा बियाण्यात गुंतलेला असतो.

विद्यार्थ्यांची तुकडी बदलली की विम्याच्या हिशेबाची वही हरवते. म्हणून ती महाविद्यालयात नको, गावच्या बचत गटाकडे ठेवा.

— एक वाचक, वर्धा