बोलक्या भिंतींचे रंग जरा बेताने

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दर उन्हाळी सुट्टीत प्राथमिक शाळांच्या ‘बोलक्या भिंती’ नव्याने रंगतात. लोकवर्गणी जमते, पेंटर येतो. पिवळा, पोपटी, आकाशी, राणी हे रंग डब्यातून काढून काहीही न मिसळता थेट भिंतीवर चढतात आणि प्रत्येक आकृतीभोवती जाड काळी कड फिरते. यामागची तळमळ खरी आहे. पण पहिलीतले मूल चौथीपर्यंत रोज याच रंगांत बसते आणि चित्र म्हणजे हेच, असे त्याच्या डोळ्यांत ठरून जाते.

चित्रांची आवड ज्याची त्याची असते असे आपण म्हणतो. ती बरीचशी घरा-शाळेत काय दिसले यावर घडते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे जेम्स कटिंग यांनी वर्गात विद्यार्थ्यांना तासाच्या वेळी फ्रेंच दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रे दाखवली. एकेक जेमतेम दोन सेकंद, तेही एका शब्दाचे भाष्य न करता. सत्रभर कमी प्रसिद्ध चित्रेच जास्त वेळा दाखवल्यावर प्रसिद्ध चित्रांना मिळणारे झुकते माप राहिले नाही. हा अभ्यास २००३चा. २०१३मध्ये लीड्स विद्यापीठातील अभ्यासकांनी याला महत्त्वाची जोड दिली : अमेरिकी चित्रकार थॉमस किंकेड यांची भडक, गोडगोड निसर्गचित्रे जितकी जास्त दाखवली तितकी ती कमी आवडू लागली; एकोणिसाव्या शतकातले नावाजलेले ब्रिटिश चित्रकार जॉन मिले यांच्या चित्रांबाबत तसे झाले नाही. दोन्ही प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचे आहेत, हे ध्यानात ठेवावे. तरी शाळेसाठी त्यातून एक गोष्ट घेता येते. नुसते पुन्हा पुन्हा दाखवून भागत नाही, दाखवायचे चित्रही कसदार हवे.

आपल्याकडचा दाखला तर घरोघरी आहे. राजा रवि वर्मा यांचा छापखाना १८९४मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगासाठी शिळाछपाईचा वेगळा दगड वापरून छापलेली ती देवदेवतांची चित्रे घरांत पोहोचली. आज लक्ष्मी म्हटले की कमळावर उभी, बाजूला हत्ती, हेच रूप बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते. पुढच्या पिढ्यांना ते कुणी शिकवले नाही, ते भिंतीवर होते.

आमचा भडक रंगांना विरोध नाही. अंगणातली रांगोळी पाहा. शेणाने सारवलेल्या जमिनीवर चिमूटभर गुलाबी रंग सोडला की तो उठून दिसतो, कारण खालची जमीन मातकट, खरखरीत आणि न चमकणारी असते. तोच गुलाबी पांढऱ्या चकचकीत फरशीवर पिवळ्या आणि निळ्याशेजारी टाकला की डोळ्यांना टोचतो. वारली चित्रकाराला गेरूवर तांदळाच्या पिठाचा एक पांढरा पुरतो. तेजस्वी रंगाला शेजारी शांत जागा लागते. वर्गाच्या चारही भिंतींवर ती नेमकी हरवते.

भिंतीवरच्या ऑइल पेंटची आणखी एक अडचण आहे. त्याची चकाकी खिडकीचा उजेड परतवते, त्यामुळे बाजूला बसलेल्या मुलाला चित्राऐवजी पांढरा डाग दिसतो. ओल धरणाऱ्या भिंतीवर हा रंग पाण्याला बाहेर पडू देत नाही, आणि पावसाळ्यानंतर पोपडे सुटतात.

म्हणून शाळा व्यवस्थापन समित्यांना विनंती आहे : एक भिंत तरी मोकळी ठेवा. तिला फिकट, बिनचमकीचा रंग द्या आणि दोरी ताणून चिमट्यांनी चित्रे लावा. चित्राचा मध्य जमिनीपासून १०० ते ११० सेंटिमीटरवर यावा. पहिली-दुसरीच्या मुलाची नजर तिथे असते, आपण मात्र सवयीने आपल्या उंचीला लावतो. एका वेळी तीन किंवा चारच चित्रे, महिनाभर. खाली चित्रकाराचे नाव पुरे, प्रश्नावली नको.

छपाई ए-थ्री आकारात, मॅट कागदावर करावी. लॅमिनेशन टाळावे, तेही चकाकते. न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन आणि ॲमस्टरडॅमचे राइक्स ही संग्रहालये स्वामित्वहक्क संपलेल्या अनेक चित्रांच्या मोठ्या फाइली मोफत देतात. मोबाइलवर फिरत आलेले चित्र छापू नये. ते आक्रसलेले असते आणि बहुधा त्याचे रंग कुणीतरी वाढवलेले असतात. ए-थ्रीसाठी किमान ३,३०० × २,३०० पिक्सेल हवेत. दुकानदाराला “रंग उठावदार करू नका” असे स्पष्ट सांगावे, नाहीतर तो आपुलकीने करून ठेवतो.

कडक उन्हाची भिंत निवडू नये. छापील शाईतला पिवळा आणि किरमिजी आधी उडतो, निळा मागे राहतो. कित्येक वर्गांत असे निळे पडलेले तक्ते वर्षानुवर्षे लटकलेले दिसतात. त्यातला टोमॅटो जांभळट आणि माणसे आजारी दिसतात. मुले रोज तेच पाहतात. असे तक्ते आधी उतरवावेत.

सातारा जिल्ह्यातल्या शाळांना तर औंध जवळ आहे. तिथल्या श्री भवानी संग्रहालयात रवि वर्मा यांची मूळ तैलचित्रे आहेत. सहल काढण्यापूर्वी महिनाभर त्यांपैकी दोन चित्रांच्या छापील प्रती वर्गात लावाव्यात आणि जाताना त्या सोबत न्याव्यात. मूळ चित्रासमोर प्रत धरून कुठला रंग बदलला ते मुलांनाच शोधू द्यावे.

आपले,
प्राथमिक व माध्यमिक शाळांतील काही कलाशिक्षक, सातारा