नव्या इमारतींच्या खिडक्यांबाबत, नकाशांवर सह्या होण्याआधी

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य,
संस्थेचे कार्यालय, मांडवी, रत्नागिरी.

विषय: पुनर्विकासाच्या नकाशांना मंजुरी देण्यापूर्वी खिडक्या, पश्चिमेची बाजू व गच्ची यांत बदल करून घेणेबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

पुनर्विकासाला माझा विरोध नाही, हे आधीच लिहून टाकते. मागच्या सभेत मी दोन प्रश्न विचारले, तर सभा संपून जिना उतरेपर्यंत "बाईंना नवी बिल्डिंग नकोय" अशी बातमी तळमजल्यावर पोहोचलेली होती. नवी बिल्डिंग मलाही हवी आहे. पार्किंगमधल्या खांबांच्या सळया बाहेर आल्या आहेत आणि गच्चीवरच्या पत्र्याला आता रंगच धरून ठेवतो. माझे म्हणणे एवढेच आहे, की दोन्ही नव्या इमारती 'ऊर्जाकार्यक्षम' म्हणून आपल्याला दिल्या जात आहेत आणि नकाशे पाहिल्यावर मला तसे दिसत नाही.

बिल्डरच्या पुस्तिकेत काय आहे? समुद्राच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच, सरकत्या खिडक्या, प्रत्येक खोलीत एसीची जोडणी, लॉबीत एलईडी दिवे आणि गच्चीवर सोलर. शेवटच्या दोन गोष्टी चांगल्या आहेत. पहिल्या तीन मिळून जेवढी वीज खातील, तेवढी या दोन वाचवतील का, याचा हिशेब पुस्तिकेत कुठेही नाही.

मी भूगोल शिकवला आहे, त्यामुळे थोडे सूर्याविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. रत्नागिरी साधारण सतरा अंश उत्तरेला. मे महिन्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. मधल्या काळात तर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे आपल्याकडे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला फारसा ताप नाही. तापते ती गच्ची, आणि दुपारनंतर पश्चिम. पश्चिमेचे ऊन तिरपे येते, त्याला दीड फुटाचा छज्जा अडवू शकत नाही. साडेतीननंतर ते सरळ हॉलमध्ये शिरते. तिथेच आपण काचेची भिंत उभी करणार, कारण सी-व्ह्यू फ्लॅटला चौरस फुटाला भाव जास्त मिळतो. समुद्र कोणाला नको आहे? पण काचेतून आत आलेले ऊन आतल्या पडद्याने थांबत नाही. पडदा तापतो आणि उष्णता खोलीतच राहते. ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवे. त्यासाठी पश्चिमेला निदान पाच फुटांची खोल बाल्कनी, तिच्या कडेला उभ्या पट्ट्या किंवा सरकवता येणारी झिलमिल, आणि काच कमरेपासून वर. खुर्चीत बसून समुद्र तेवढ्यातूनही दिसतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून झड येते तीही हीच बाल्कनी अंगावर घेईल. पुस्तिकेतल्या चित्रात पाऊस दाखवलेला नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो.

आता खिडक्या, म्हणजे या पत्राचे मुख्य कारण.

घरे किती तापू द्यायची, वारा किती यायला हवा, याचे नियम आपण घरी बसून ठरवायची गरज नाही. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' काढली, ती खास राहत्या इमारतींसाठी आहे. देशाचे हवामानानुसार पाच विभाग धरले आहेत, त्यात कोकण उष्ण-दमट विभागात येते. संहितेत छत सोडून बाकी भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला आरईटीव्ही नावाची मर्यादा आहे: चौरस मीटरला १५ वॅट. छतासाठी वेगळी मर्यादा आहे. आणि उष्ण-दमट विभागात बाहेर उघडणाऱ्या खिडक्या-दारांचा उघडणारा भाग घराच्या कार्पेट एरियाच्या निदान १६.६६ टक्के हवा, म्हणजे सहावा हिस्सा. कोरड्या उष्ण विभागाला दहा टक्के पुरतात. आपल्याला जास्त लागतात, कारण इथला त्रास नुसत्या तापमानाचा नाही. बत्तीस-तेहतीस अंश म्हणजे विदर्भातल्या लोकांना थंडावा वाटेल. आपल्याला घामाच्या धारा लागतात, कारण हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम वाळत नाही. वाळवतो तो वारा.

आता हे आपल्या नकाशाला लावून पाहा. नियम अख्ख्या घराला आहे, पण नमुन्याला एक खोली घेऊ. बेडरूम १२ बाय १०, म्हणजे १२० चौरस फूट. सहावा हिस्सा २० चौरस फूट. नकाशात खिडकी ५ बाय ४ आहे, बरोबर वीस. कागदावर पास! पण खिडकी दोन ट्रॅकची सरकती आहे. ती पूर्ण उघडली तरी अर्धी बंदच राहते, म्हणजे वारा येणार दहा चौरस फुटांतून, आणि त्यावर डासांची जाळी. जाळीही वारा अडवते आणि मांडवीत जाळीशिवाय कोणी झोपत नाही. हीच खिडकी बाहेर उघडणाऱ्या पल्ल्यांची केली तर जवळजवळ सगळी मोकळी मिळते. वरचा एक फूट वेगळा काढून तिथे वरून बिजागरीवर असलेली, खालून बाहेर ढकलायची झडप दिली, तर पावसातही ती उघडी ठेवता येईल. पल्ले वाऱ्यात आपटतात हा आर्किटेक्टचा आक्षेप मला मान्य आहे. त्यावर उपाय चांगल्या प्रतीचे स्टेनलेस स्टीलचे अडसर आणि बिजागऱ्या. साध्या लोखंडाच्या दोन पावसाळ्यांत गंजतील.

खिडकी मोठी करूनही वाऱ्याला बाहेर पडायला वाट नसेल तर उपयोग नाही. मजल्यावर चार फ्लॅट, मध्ये लिफ्ट आणि बंद लॉबी, अशी मांडणी आहे. पश्चिमेच्या फ्लॅटना पूर्वेकडे एकही उघडी बाजू नाही. दिवसा खारे वारे समुद्रावरून येतात, रात्री मतलई वारे जमिनीवरून, हे सहावीतल्या मुलालाही पाठ असते. या फ्लॅटना पहिले मिळतील आणि दुसरे कधीच मिळणार नाहीत. लॉबीची पूर्वेची भिंत जाळीची करा आणि प्रत्येक बेडरूमच्या दारावर व्हेंटिलेटर द्या, म्हणजे रात्री दार लावले तरी हवा फिरती राहील. हा खर्च काही फार नाही. जुन्या घरांत दारावर झरोका असायचाच, आपल्या आत्ताच्या इमारतीत तो कोणाच्या डोक्यातून गेला कोण जाणे.

आणि ओपन किचन! पश्चिमेला हॉल, त्याला लागून उघडे स्वयंपाकघर. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की तळलेल्या बांगड्याचा वास थेट बेडरूममधल्या उशीपर्यंत. मग खिडक्या बंद, चिमणी सुरू, एसी सुरू. स्वयंपाकघर वाऱ्याच्या खालच्या अंगाला, पूर्वेकडे घ्या. यावर सभेत भगिनीवर्गाचे मत घ्यावे. नकाशा पाहताना त्यांना पुढे बोलावलेच नव्हते.

कपडे वाळत घालायची जागाही नकाशातून गेली आहे. 'इमारतीच्या दर्शनी भागाची शोभा' असे कारण दिले आहे. जून ते सप्टेंबर आपले कपडे कुठे आणि कसे वाळतात, हे शोभा ठरवणाऱ्यांनी एकदा येऊन पाहावे. जागा नसेल तर कपडे पंख्याखाली वाळतील, मग एसी लावून वाळतील, आणि ज्यांना परवडेल ते ड्रायर घेतील. भिंतींना बुरशी येईल ती वेगळीच. कपड्यांसाठी दोन बाजूंनी हवा खेळणारी, वरून झाकलेली सहा बाय चारची जागा प्रत्येक फ्लॅटला द्या. माझ्या मते या दोन इमारतींत विजेची सगळ्यात स्वस्त बचत हीच आहे, आणि ती कोणत्याही दाखल्यात मोजली जाणार नाही.

लोक एसी लावणारच, मीही लावीन. त्यासाठी बाहेरच्या युनिटला पश्चिमेच्या तोंडावर जागा देऊ नये. खाऱ्या हवेने त्याची जाळी खाल्ली जाते आणि मग तेच युनिट जास्त वीज ओढते. पूर्व-उत्तरेला हात पोहोचेल असा कट्टा आणि पाणी जायला पाइप हवा. तापमान चोवीसवर ठेवले तर बरीच बचत होते. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असे ब्युरोच सांगतो. पंख्यांचे मात्र करारातच लिहून घ्यावे: बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचे पंखे. साधा पंखा पंचाहत्तर वॅटचा, हा तीस वॅटच्या आसपास. पंधरा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला वीसेक युनिट वाचतात आणि आपल्याकडे पंखा पंधरा तास चालतोच.

सोलरबाबत बहुतेक सदस्य उत्साही आहेत, म्हणून त्यातले खाचखळगे लिहिते. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, त्यासाठी पॅनेल देशात बनलेली हवीत. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला चार युनिट मिळतात. पावसाळ्यात त्याहून बरीच कमी. एप्रिल-मेची शिल्लक नेट मीटरिंगमुळे पुढच्या बिलांत वळती होते, तेव्हा लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांचे बिल बरेच खाली येईल. पण साधा ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाइनवरच चालणारा इन्व्हर्टर असेल तर वीज गेली की सोलरही बंद पडते. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून ते मुद्दाम तसे केलेले असते. मागच्या सभेत "लाइट गेली तरी आपल्याकडे उजेड" असे कोणी तरी म्हणाले आणि टाळ्या पडल्या. तसे हवे असेल तर निदान पंप आणि एका लिफ्टपुरती बॅटरी व हायब्रीड इन्व्हर्टर घ्यावा लागेल. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आले, तेव्हा दापोली-मंडणगडात कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. आपण थोडक्यात वाचलो. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले.

निसर्ग वादळात सगळ्यात आधी उडाले ते पत्रे. आपल्या गच्चीवर गळतीसाठी पत्र्याची शेड येणार आणि तिच्यावर पॅनेल बसणार, असे नकाशात दिसते. शेड असणे चांगलेच, खालचा स्लॅब सावलीत राहतो आणि वरच्या मजल्याला त्याचा मोठा फायदा होतो. ऊन परतवायला स्लॅबला पांढरा रंग देण्याचा उपाय इथे चालत नाही, पहिल्या पावसाळ्यात त्यावर शेवाळ येऊन तो काळा पडतो. पण शेडचे डिझाइन पॅनेलचे वजन आणि वादळी वारा धरून स्ट्रक्चरल इंजिनिअरने केलेले असावे, फॅब्रिकेटरच्या अंदाजाने नव्हे. सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला), नटबोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे, आणि पॅनेल खाऱ्या हवेसाठीच्या आयईसी ६१७०१ चाचणीत उतरलेली. नोव्हेंबर ते मे पॅनेलवर मीठ आणि लाल धूळ बसते, तेव्हा वर गोड्या पाण्याचा नळ आणि धुणाऱ्याला सुरक्षित चालता येईल अशी पट्टी ठेवा.

काँक्रीटबद्दल एकच परिच्छेद. पंचवीस-तीस वर्षांत पाडावी लागणारी इमारत ऊर्जाबचतीचे कितीही 'स्टार' लावले तरी ऊर्जा वाचवणारी नाही. सिमेंट आणि सळया बनवायला लागणारी ऊर्जा आपण दोनदा खर्च करतो. आयएस ४५६ या मानकात किनाऱ्यालगतचे काँक्रीट 'तीव्र' गटात धरले आहे: निदान एम-३० प्रतीचे काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण. समुद्राचे तुषार उडणाऱ्या बाजूला त्याहून कडक. खाडीची वाळू 'पावसात धुऊन निघते' हे वाक्य मी या गावात फार वेळा ऐकले आहे. वाळूच्या क्लोराइड, म्हणजे मिठाच्या चाचणीचे अहवाल संस्थेला मिळावेत, असे कलम घाला.

केंद्राने २०२२ च्या दुरुस्तीने १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभाराच्या निवासी इमारतीही ऊर्जा संवर्धन कायद्याच्या कक्षेत आणल्या आहेत. आपल्याला सक्ती लागू आहे की नाही, यावर आर्किटेक्ट आणि बिल्डर वाद घालतील. तो वाद घालण्याचे आपल्याला कारण नाही; करारात लिहून घेतले की झाले. आरईटीव्हीचा आणि उघडणाऱ्या खिडक्यांचा हिशेब प्रत्येक प्रकारच्या फ्लॅटसाठी लेखी द्यावा, सरकत्या खिडकीचा अर्धाच भाग मोजावा, आणि ताबा देताना तो जागेवर तपासून दाखवावा. हिशेबाचे साधन ब्युरोने दिलेले आहे, कोणत्याही आर्किटेक्टला ते काही अवघड नाही.

बाल्कनी खोल केली की चटई क्षेत्रात फरक पडेल आणि दोन फ्लॅट कमी निघतील, असे बिल्डर म्हणेल हे मला ठाऊक आहे. मग त्याने तो आकडा सभेपुढे ठेवावा. पुनर्विकासाबाबतच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्देशांनुसार विशेष सभा आपण घेणारच आहोत. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर 'खिडक्या, पश्चिमेची बाजू, गच्ची' असा स्वतंत्र विषय घ्यावा आणि नकाशांची मोठी प्रत, उत्तर दिशेचा बाण स्पष्ट दिसेल अशी, निदान आठ दिवस आधी नोटीस बोर्डावर लावावी. आत्ता लावलेल्या प्रतीत बाणच नाही. कोणाला हॉल पश्चिमेला आहे हे कळतच नाही.

या पत्राची पोच द्यावी, ही विनंती.

आपली,
फ्लॅट ३०४ मधील सभासद
(निवृत्त शिक्षिका)